देवदूत, फरिश्ते आणि हाजराची विहीर

जानेवारी २०२० मध्ये, १० ते १२ तारखेला, उस्मानाबादेत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. शहराचे नाव तेव्हा अजून धाराशिव झाले नव्हते. तेरच्या संत गोरोबा काकांच्या नावाने साहित्यनगरी उभी राहिली होती आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आदल्या सप्टेंबरात त्यांची निवड जाहीर झाली, तेव्हापासूनच विरोध सुरू झाला होता. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षे कसे चालवले, हरित वसईच्या आंदोलनात काय केले, ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार कशासाठी मिळाला, यावर विरोधकांना बोलायचे नव्हते. एका ख्रिस्ती धर्मगुरूने मराठीच्या या पदावर बसावे का, एवढाच त्यांचा सवाल होता. उस्मानाबादकरांनी मात्र संमेलन नेटाने पार पाडले आणि प्रकृती साथ देत नसतानाही फादरांनी अध्यक्षीय भाषण केले. २५ जुलै २०२४ रोजी ते हे जग सोडून गेले.

त्या वादात बहुतेक मराठी मुसलमान दिब्रिटोंच्या बाजूने होते. ज्याला त्याच्या धर्मामुळे परका ठरवले जाते, त्याचे दुःख आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. पण बाजूने असणे वेगळे आणि ओळख असणे वेगळे. ख्रिस्ती माणूस नेमके काय मानतो, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आपली ओळख सिनेमातल्या फादरपर्यंत आणि डिसेंबरातल्या केकपर्यंत येऊन थांबते. उरलेली कसर मोबाइलवरचे वादविवादाचे व्हिडिओ भरून काढतात. ‘ते लोक फरिश्त्यांना पुजतात’ हे वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकले आहे. म्हणणाऱ्याने बायबल उघडलेले नसते, आणि फरिश्त्यांबद्दल आपले कुरआन काय सांगते तेही पुरते वाचलेले नसते.

म्हणून या लेखात फरिश्त्यांबद्दलच बोलू. मक्तबात शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाला ‘ईमान-ए-मुफस्सल’ पाठ असते. त्यात अल्लाहनंतर लगेच फरिश्त्यांचा उल्लेख येतो. ग्रंथ, प्रेषित आणि आखिरत त्यानंतर. म्हणजे फरिश्ते मानणे हा आपल्या ईमानचाच भाग आहे. ख्रिस्ती माणूसही ते मानतो. जिथे दोघे इतके जवळ आहेत, तिथून ओळख सुरू करायला काय हरकत आहे?

आधी शब्द पाहू. अरबी ‘मलक’ आणि हिब्रू ‘मलआख’ हे एकाच घरातले शब्द. अर्थ दूत, निरोप घेऊन पाठवलेला. बायबलच्या नव्या कराराची भाषा ग्रीक. तिच्यातल्या ‘अँगेलोस’चा अर्थही निरोप्या, त्यावरूनच इंग्रजीतला ‘एंजल’ आला. फारसी ‘फरिश्ता’ म्हणजे धाडलेला. मराठी ख्रिस्ती लोकांनी ‘देवदूत’ हा शब्द घेतला. इतक्या भाषा, पण कुणी त्याच्या पंखांवरून किंवा तेजावरून नाव ठेवले नाही. सगळ्यांनी त्याच्या कामावरून ठेवले. संत ऑगस्टीन यांनीही सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी हेच म्हटले होते की ‘दूत’ हे त्याच्या पदाचे नाव आहे, त्याच्या जातीचे नव्हे.

ख्रिस्ती श्रद्धेत हे दूत काय करतात? मुख्य प्रसंग सगळे निरोपाचे आहेत. लूकच्या शुभवर्तमानात गब्रीएल नाझरेथच्या मरियेकडे येतो आणि तिला पुत्र होणार असल्याचे सांगतो. मत्तयात योसेफाला स्वप्नात धीर देणारा दूत आहे. येशूच्या जन्माची पहिली बातमी दूत देतात ती रानात रात्री मेंढरे राखणाऱ्या धनगरांना. राजवाड्याला आणि मंदिराच्या पुजाऱ्यांना ती मिळत नाही. कबरीपाशी स्त्रियांना भेटणाराही दूतच. आता आपल्याकडे वळा. सूरह आले इमरानमध्ये फरिश्ते बीबी मरियमला खुशखबर देतात. सूरह मरियममध्ये अल्लाहने पाठवलेला ‘रूह’ माणसाच्या रूपात तिच्यासमोर येतो, ती घाबरते, आणि आपण तिच्या पालनकर्त्याचा पाठवलेला आहोत असे तो सांगतो. आपले बहुतेक भाष्यकार म्हणतात की हा रूह म्हणजे हजरत जिब्रील (अ.). पुढे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापर्यंत वही घेऊन आले तेही जिब्रीलच. म्हणजे वसईच्या चर्चमधले चित्रातले गब्रीएल आणि हिराच्या गुहेत आलेले जिब्रील यांचे नाव एकच आहे.

हे झाले ग्रंथातले. रोजच्या जगण्यात काय? कॅथलिक परंपरेत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी चर्चची घंटा होते. तिला ‘एंजलस’ची घंटा म्हणतात. मरियेला मिळालेल्या निरोपाची ती आठवण. तिन्हीसांजेला घंटा झाली की हातातले काम थांबवून प्रार्थना म्हणायची, ही वसईच्या जुन्या कॅथलिक घरांतली रीत. शेतात काम थांबवून अशी प्रार्थना करणाऱ्या जोडप्याचे मिले या फ्रेंच चित्रकाराचे चित्र जगभर गाजले. अजान झाल्यावर नांगर थांबवणारा आपला शेतकरी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र न पाहताच समजेल.

कॅथलिक घरांत लहान मुलाला झोपताना रक्षक दूताची छोटी प्रार्थना शिकवतात. प्रत्येक माणसाबरोबर देवाने एक दूत दिला आहे अशी ती श्रद्धा. २९ सप्टेंबरला मिखाएल, गब्रीएल आणि राफाएल या तिघांचा सण, आणि रक्षक दूतांचा दिवस २ ऑक्टोबर, म्हणजे आपल्याकडची गांधी जयंती. मिस्सेत ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ असा घोष होतो, तेव्हा स्वर्गातले दूतही त्या स्तुतीत सामील असतात असे ते मानतात. मृतदेह दफनासाठी नेताना, दूतांनी या जीवाला स्वर्गात घेऊन जावे अशी प्रार्थना करतात. माहीमच्या ज्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात, ते चर्च याच मिखाएलच्या नावाचे आहे. कुरआनवर भाष्य लिहिणाऱ्या मखदूम अली माहिमींचा दर्गाही त्याच माहीममध्ये.

यातले किती काही आपल्याला ओळखीचे वाटते! सूरह रअदमध्ये माणसाच्या पुढेमागे राहून त्याला जपणाऱ्या फरिश्त्यांचा उल्लेख आहे. सूरह इन्फितारमध्ये किरामन कातिबीन आहेत, आपले प्रत्येक कर्म लिहिणारे. इमामाच्या ‘आमीन’बरोबर फरिश्तेही आमीन म्हणतात, असे हदीस सांगते. सूरह नहलमध्ये नेक माणसाचा जीव घ्यायला आलेले फरिश्ते त्याला सलाम करतात. नमाज संपवताना आपण उजवीकडे आणि डावीकडे मान वळवून सलाम करतो. हा सलाम शेजारच्या नमाजीबरोबर फरिश्त्यांनाही असतो, हे आपल्या उलेमांनी सांगितलेले आहे.

आता फरक. तो झाकून ठेवला तर ही ओळख खोटी ठरेल. कॅथलिक ख्रिस्ती मिखाएलला किंवा रक्षक दूताला ‘आमच्यासाठी देवाकडे विनंती कर’ असे म्हणू शकतो. आपण दुआ फक्त अल्लाहकडे मागतो. ते दूतांची चित्रे आणि मूर्ती करतात, आपण करत नाही. त्यांच्या परंपरेत सैतान हा पतन पावलेला दूत आहे. कुरआनात इब्लीस जिन्नांपैकी आहे आणि फरिश्ते अल्लाहची आज्ञा कधीच मोडत नाहीत. सगळ्यात मोठा फरक म्हणजे ते पवित्र आत्म्याला देवच मानतात, तर आपल्याकडे रूहुल कुद्दूस म्हणजे जिब्रील, अल्लाहने निर्माण केलेला सेवक. शिवाय सगळे ख्रिस्तीही सारखे नाहीत. प्रोटेस्टंट पंथीय देवदूत मानतात, पण त्यांना उद्देशून प्रार्थना करत नाहीत. मराठवाड्यात प्रोटेस्टंट कामाचीही जुनी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांची वस्ती वसवली आणि तिला ‘बेथेल’ नाव दिले. बायबलमध्ये हजरत याकूब (अ.) यांना ज्या जागी स्वप्नात स्वर्गापर्यंत गेलेली शिडी आणि तिच्यावरून चढउतार करणारे दूत दिसले, त्या जागेचे हे नाव. मराठवाड्याच्या मातीत ख्रिस्ती लोक काल-परवा आलेले नाहीत, हे सांगायला हे एक नावही पुरेसे आहे.

आणि ‘पुजतात’ या आरोपाचे काय? बायबलच्या शेवटच्या पुस्तकात योहान दूताच्या पाया पडायला जातो, तेव्हा दूतच त्याला थांबवतो. मीही तुझ्यासारखाच सेवक आहे, नमन देवाला कर, असा त्याच्या बोलण्याचा आशय. पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात दूतांच्या उपासनेविरुद्ध स्पष्ट इशारा आहे. २००१ मध्ये व्हॅटिकनने लोकश्रद्धांबद्दल मार्गदर्शिका काढली. मिखाएल, गब्रीएल आणि राफाएल सोडून देवदूतांना मनाने नावे ठेवण्याची प्रथा तिने नामंजूर केली. भोळ्या भक्तांच्या हातून अतिरेक होतच असेल. तो आपल्याकडे होत नाही काय? फरिश्त्यांची नावे कागदावर लिहून तावीज विकणारे आपल्याच दर्ग्यांच्या वाटेवर बसतात. त्यावरून कुणी इस्लामची व्याख्या केली तर आपल्याला राग येतो. मग दुसऱ्याला तोच न्याय द्यायला नको?

फरक सांगून झाले. आता माझ्या मनातला मुख्य मुद्दा. देवदूत मानल्याने माणसाच्या वागण्यात काय बदलायला हवे? बाजारात ‘एंजल’ नावाच्या खूप वस्तू मिळतात, आणि त्यांतला दूत माझा असतो: माझे रक्षण करणारा, माझे काम करून देणारा. पण रक्षक दूतांच्या श्रद्धेचा जो आधार ख्रिस्ती लोक सांगतात, त्या मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना एवढेच सांगतो की लहानांपैकी एकालाही तुच्छ मानू नका, कारण त्यांचे दूत सदैव देवाच्या समोर असतात. म्हणजे ज्याला मी कस्पटासमान समजतो, त्याच्याबाजूनेही कुणीतरी उभा आहे. आपल्या किरामन कातिबीनचा अर्थही याहून वेगळा कुठे आहे? लिहिणारे फरिश्ते माझ्या एकट्याच्या खांद्यावर नाहीत. हमालाच्या, झाडूवालीच्या, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याच्याही खांद्यावर आहेत. त्याच्याशी मी कसा वागलो याची नोंद माझ्या वहीत होते, आणि त्याने काय सोसले हेही अल्लाहपासून लपत नाही.

हजरत इब्राहीम (अ.) यांच्या पाहुण्यांची गोष्ट दोन्ही ग्रंथांत आहे. दारात अनोळखी माणसे आली. कुठले, कोणत्या जमातीचे, हे विचारत न बसता इब्राहीमनी वासरू भाजून त्यांच्यापुढे ठेवले. बायबलमध्ये ते पाहुणे जेवतात. कुरआनात ते जेवणाला हात लावत नाहीत, म्हणून इब्राहीमना भीती वाटते, आणि मग कळते की हे फरिश्ते आहेत. तपशील वेगळा, पण आधी पाहुणचार आणि नंतर ओळख हा क्रम दोन्हीकडे एकच. नव्या करारातले इब्री लोकांना लिहिलेले पत्र याच आठवणीवर बोट ठेवते आणि परक्याचा पाहुणचार विसरू नका असे बजावते, कारण काहींनी नकळत देवदूतांचाच पाहुणचार केला होता.

आणि मग हाजरा. बायबल सुरुवातीपासून वाचत गेलो तर ‘परमेश्वराचा दूत’ हे शब्द पहिल्यांदा येतात ते उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात. हा दूत कोणाकडे येतो? कुणा राजाकडे नाही, इब्राहीमकडेही नाही. मालकिणीचा जाच सहन न होऊन पळालेल्या एका मिसरी दासीकडे, रानातल्या झऱ्यापाशी. तिचे नाव हाजरा. तू कुठून आलीस आणि कुठे चाललीस, असे तो तिला विचारतो. या पहिल्या भेटीत तो तिला परत जायला सांगतो, हेही नमूद केले पाहिजे. पण होणाऱ्या मुलाचे नाव तोच देतो. इश्माएल, म्हणजे देव ऐकतो. हेच आपले हजरत इस्माईल (अ.). एकविसाव्या अध्यायात तिला घराबाहेर काढले जाते, मशकीतले पाणी संपते, मूल रडते, दूत हाक मारतो आणि तिला विहीर दिसते. आपल्याकडे बुखारीच्या हदीसमध्ये ती सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये पाण्यासाठी सात वेळा धावते, फरिश्ता जमीन उकरतो आणि जमजम वाहू लागते. प्रत्येक हाजी आजही तिच्या पावलांवरून धावतो. ख्रिस्ती बांधवांच्या ग्रंथात दूताची पहिली हाक आपल्या बीबी हाजराला आहे, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? आणि ज्या बाईच्या पावलांवर मुसलमान हज करतात, ती बाई आपल्याच ग्रंथात आहे, हे किती ख्रिस्ती लोकांना ठाऊक असेल?

धाराशिवमध्ये ही गोष्ट परकी वाटू नये. हा पाण्यासाठी तरसणारा जिल्हा आहे. टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका इथे कुणी पाहिल्या नाहीत? दिवाळी झाली की इथले ऊसतोड कामगार लेकराबाळांसह परमुलखाला जातात, आणि कारखान्याच्या पाचटाच्या कोप्यांत महिने काढतात. कुठून आलीस, कुठे चाललीस, हे प्रश्न त्या बाईला आपुलकीने कोण विचारतो? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि गावेच्या गावे आडवी झाली. तेव्हा ढिगारे उपसायला आलेल्या माणसांची जात-धर्म कुणी विचारली नव्हती. संकटात मदत करणाऱ्याला मराठी माणूस ‘देवासारखा धावून आला’ म्हणतो, वर्तमानपत्रे त्याला ‘देवदूत’ म्हणतात, आणि आपल्या दखनीत आपण म्हणतो, ‘फरिश्ता बनके आया’. भाषेला ठाऊक आहे की फरिश्ता बहुतेक वेळा अनोळखी माणसाच्या रूपात येतो. मग संकट नसते तेव्हा त्याच अनोळखी माणसाचा धर्म पाहून आपण दार का लावतो?

हा प्रश्न आज पुस्तकी राहिलेला नाही. एखाद्या ख्रिस्ती घरात चार पाहुणे प्रार्थनेला जमले की धर्मांतराची कुजबुज सुरू होते. जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे अगदी थोडी आहेत. संख्येच्या जोरावर ती काही बोलू शकत नाहीत. घरात नमाजला चार माणसे जमली तर काय होऊ शकते, हे आपण जाणतो. म्हणून त्यांच्यासाठी आपण पहिले बोलायला हवे, आणि तेही आपल्यावर उद्या वेळ येईल या हिशेबाने नव्हे. इब्राहीमनी पाहुण्यांना वाढले तेव्हा परतफेडीचा हिशेब केला नव्हता.

काहीजण म्हणतील, अशाने अकीदा सैल होतो. मला तसे वाटत नाही. दुसऱ्याची श्रद्धा नीट समजून घेतल्यावर आपली कुठे वेगळी आहे हे उलट जास्त स्पष्ट होते. वर मी लिहिलेले फरक हे त्याचेच उदाहरण. अहले किताबांशी बोलताना उत्तम रीतीने बोला, अशी सूरह अनकबूतची ताकीद आहे. उत्तम रीतीने बोलायचे तर आधी समोरच्याचे ऐकावे लागते. ऐकीव गोष्टींवर भांडणे ही ती रीत नव्हे.

करायच्या गोष्टी साध्या आहेत. गावाच्या वाचनालयात दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ मागा. नसेल तर मागवायला लावा, आणि शेजारी कुरआनचा मराठी अनुवाद असेल हेही पाहा. लूकचा पहिला अध्याय आणि सूरह मरियम एका बैठकीत वाचा. फरक कुठे आहेत ते तुम्हाला स्वतःला दिसतील, आणि ते दुसऱ्याच्या व्हिडिओतून ऐकण्यापेक्षा बरे. ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे नाताळला जाल तेव्हा केक खाऊन लगेच उठू नका; त्यांच्या घरात रक्षक दूताची प्रार्थना म्हणतात का, कशी म्हणतात, विचारा. त्यांनी विचारले तर किरामन कातिबीनबद्दल सांगा. मक्तबात ईमान-ए-मुफस्सल पाठ करून घेताना मुलांना एवढे जरूर सांगा की फरिश्ते दोन्ही खांद्यांवर आहेत, तसे ते वर्गातल्या प्रत्येकाच्या, गल्लीतल्या प्रत्येकाच्या खांद्यावर आहेत, त्याचे नाव काहीही असो.

एक ख्रिस्ती धर्मगुरू संत गोरोबा काकांच्या नगरीत मराठीतून बोलला आणि उस्मानाबादने ऐकले, ही या जिल्ह्याची कमाई आहे. आता शहराचे नाव बदलले आहे. ही कमाई नव्या नावाखाली टिकवायची की घालवायची, हे आपल्या हातात आहे. आणि आपण जे करू, ते लिहिणारे लिहीतच आहेत.